अपमान, बदनामी, अब्रुनुकसानी : नातेवाइकांच्या पोस्टना कोणता शब्द लागू पडतो?

प्रश्न (डिचोली) : आमचे वडिलोपार्जित घर आणि कुळागर (सुपारी-नारळाची बाग) यांच्या वाटणीसाठी इन्व्हेंटरीचे, म्हणजे वारशाच्या मालमत्तेची यादी करून हिस्से ठरवण्याचे, प्रकरण न्यायालयात चालू आहे. या काळात एका चुलतभावाने फेसबुकवर आमच्या आत्याविषयी आधी ‘लाज नसलेली बाई’ आणि नंतर ‘अंथरुणाला खिळलेल्या आजीचा अंगठा हिने खोट्या कागदावर उठवून घेतला’ असे लिहिले. घरातली वडीलधारी मंडळी याला अपमान म्हणतात, वर्तमानपत्रे अशा गोष्टीला बदनामी म्हणतात आणि वकीलसाहेब अब्रुनुकसानी म्हणतात. हे शब्द एकाच अर्थाचे आहेत काय?

उत्तर (फोंडा) : बोलण्यात ते एकमेकांच्या जागी येतात, परंतु कायद्याच्या भाषेत अपमान वेगळा काढावा लागतो. ‘अब्रू’ हा फारसीतून आलेला शब्द आहे. आब म्हणजे पाणी किंवा तेज, आणि रू म्हणजे चेहरा. हे तेज पाहणाऱ्यांना दिसते, म्हणून अब्रू गेली की नाही हे इतरांच्या नजरेवरून ठरते, तर अपमान चार भिंतींत, तिसरा माणूस हजर नसतानाही होऊ शकतो. भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ मध्ये आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये हाच भेद आहे : आरोपामुळे त्या व्यक्तीचे नैतिक किंवा बौद्धिक चारित्र्य, जात वा व्यवसायासंबंधीची प्रतिष्ठा किंवा पत इतरांच्या दृष्टीने खालावली पाहिजे. अंगठ्याची पोस्ट फसवणुकीचा ठाम आरोप करते, म्हणून ती अब्रुनुकसानीत सहज बसते. ‘लाज नसलेली’ हे माझ्या मते शिवीच्या जवळचे आहे, मात्र मागच्यापुढच्या मजकुरामुळे त्याला चारित्र्यावरील आरोपाचा रंग चढला असेल, तर तेही त्यात मोडू शकेल. शांतताभंग व्हावा म्हणून डिवचण्यासाठी मुद्दाम केलेल्या अपमानाला न्याय संहितेचे कलम ३५२ स्वतंत्र आहे. लिहिणारा नातेवाईक आहे म्हणून यातले काहीही माफ होत नाही. गोव्यात वारसा आणि वाटणी यांचे नियम पोर्तुगीज दिवाणी संहितेच्या परंपरेतून आलेले असले, तरी फौजदारी कायदा देशभरातलाच लागू आहे.

प्रश्नकर्ता : मजकूर फेसबुकवर न टाकता कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटात टाकला असता तर? आणि आरोप खरा निघाला तर?

उत्तर (फोंडा) : कायद्यातल्या ‘प्रसिद्धी’ला जाहीर सभा लागत नाही, बदनाम झालेल्या व्यक्तीखेरीज दुसऱ्या कोणापर्यंत मजकूर पोहोचला की पुरे, मग तो सख्खा भाऊ का असेना. तोच मजकूर फक्त आत्याच्या खाजगी क्रमांकावर गेला असता, तर अपमान झाला असता, अब्रुनुकसानी नव्हे. गट चालवणाऱ्याला मात्र उगाच ओढू नये, कारण सामाईक उद्देश नसल्यास दुसऱ्याच्या मजकुरासाठी ॲडमिन जबाबदार ठरत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले आहे. खरेपणाचा मुद्दा विचित्र आहे : दिवाणी दाव्यात सत्य हा पूर्ण बचाव ठरतो, पण फौजदारी खटल्यात ते सार्वजनिक हितासाठी सांगितले होते हेही दाखवावे लागते, आणि घरच्या वाटणीच्या भांडणात ते दाखवणे कठीणच.

प्रतिसाद (म्हापसा) : नाव न घेता ‘काही माणसे’ असे लिहून सुटता येते, हा समजही काढून टाकावा. रोख कोणावर आहे हे ओळखीच्या माणसांना कळत असेल, तर नाव नसणे हा बचाव नाही. दुसरे असे की हा गुन्हा अदखलपात्र असल्यामुळे पोलीस थेट गुन्हा नोंदवत नाहीत. बाधित व्यक्तीलाच दंडाधिकाऱ्यांकडे फिर्याद द्यावी लागते, आणि भरपाईच्या दिवाणी दाव्याची मुदत एकच वर्ष आहे. शिवाय नोटिशीत ‘अवमान’ हा शब्द टाळावा. न्यायालयीन मराठीत तो न्यायालयाच्या अवमानासाठी रूढ आहे.