पांढऱ्या डोळ्यांची फळमाशी: ईआरजी (उजेडाला डोळ्याने दिलेला विद्युत प्रतिसाद) मोठा, तरी पट्टे दिसेनात?

प्रश्न: पांढऱ्या डोळ्यांची माशी उजेडाकडे सरळ जाते, ईआरजी लाल डोळ्यांपेक्षा मोठा. पण फिरत्या पट्ट्यांच्या ड्रममध्ये ठेवली तर पट्ट्यांसोबत नीट वळत नाही. का?

उत्तर १: उजेड टिपणाऱ्या ग्राही पेशी शाबूत आहेत, गेलाय तो त्यांच्याभोवतीचा रंजकाचा, म्हणजे रंगद्रव्याचा, पडदा. प्रत्येक नेत्रिकेत (संयुक्त डोळ्याच्या एका घटकात) ८ ग्राही पेशी. भिंगाखालच्या शंकूभोवती २ प्राथमिक रंजकपेशी, आणि शेजाऱ्यांशी वाटून घेतलेली ६ दुय्यम व ३ तृतीयक पेशींची जाळी, थेट तळापर्यंत. व्हाइट जनुक बिघडलं की रंजकाचा कच्चा मालच पेशीतल्या रंजककणांत शिरत नाही. तिरका उजेड शेजारच्या नेत्रिकेत झिरपतो. उजेड जास्त म्हणून ईआरजी मोठा. काळा-पांढरा फरक पुसला म्हणून पट्टे गायब.

उत्तर २: बरोबर. एक भर: रंजक लाल असण्यातही मेख आहे. ते निळा अडवतं, तांबडा जाऊ देतं, आणि तोच मेटाऱ्होडॉप्सिनला (उजेड पडून बदललेल्या दृष्टिरंजकाला) परत ऱ्होडॉप्सिन (मूळ दृष्टिरंजक) करतो. म्हणून ४८० नॅनोमीटरचा निळा झोत देऊन पीडीए (झोत थांबल्यावरही टिकणारा विद्युत प्रतिसाद) घ्यायचा तर पांढरा डोळाच सोयीचा; नंतर ५८० च्या नारिंगीने रीसेट करा.

उत्तर ३: ड्रमसाठी मात्र लाल डोळ्यांचाच वाण घ्या. मिनी-व्हाइटचा (व्हाइट जनुकाच्या छोट्या प्रतीचा) फिकट नारिंगी डोळा ‘रंग आला की’ म्हणून चालवून घेतात, पण फिकट रंग तिरका उजेड पुरता अडवत नाही, तिथेच कंट्रोल (तुलनेचा गट) फसतो.