मदत हवी आहे: पेनड्राइव्ह कधी माउंट होतो म्हणजे उघडतो, कधी होतच नाही (लिनक्स मिंट २१)

नमस्कार मंडळी. सोलापुरात पूर्व भागात, कन्ना चौकाजवळ माझं जकार्ड डिझाइनचं (मागावर नक्षी विणायच्या फाइल बनवण्याचं) छोटं दुकान आहे. चादर-टॉवेलचे कारखानदार नमुन्याचे फोटो ६४ जीबीच्या पेनमधून पाठवतात. तयार डिझाइन १६ जीबीच्या पेनमधून मागाच्या कंट्रोलरला जातं. कर्नल (लिनक्सचा गाभा) ५.१५ आहे.

त्रास दोन आहेत. ६४ जीबीचा पेन सकाळी लगेच उघडतो आणि तोच संध्याकाळी 'राँग एफएस टाइप, बॅड ऑप्शन, बॅड सुपरब्लॉक' म्हणून अडतो. शेजारच्यांच्या विंडोज लॅपटॉपवर मात्र व्यवस्थित चालतो.

दुसरा त्रास जास्त लागलाय. परवा १६ जीबीच्या पेनमध्ये डिझाइन भरलं, कॉपीची पट्टी पूर्ण झाली, कारखान्यातला पोरगा पेन काढून घेऊन गेला. मागावर फाइल अर्धवट निघाली. माग रात्रभर उभा. विणकराला मजुरी नगावर मिळते, त्याची अख्खी पाळी माझ्या फाइलमुळे बुडाली. हे पुन्हा होता कामा नये.

आतापर्यंत काय केलं: पेनच्या तोंडात कापसाची लव अडकलेली असते, ती टूथब्रशने साफ केली. पुढचे-मागचे सगळे पोर्ट बदलून पाहिले. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींमध्ये) उणे ७१ किंवा उणे ११० असली एरर दिसत नाही, म्हणजे वायरचा किंवा विजेचा दोष वाटत नाही. प्रिंटर चालू असला की पेन हमखास उघडतात असं मला वाटतंय, पण त्याचा संबंध काय ते कळत नाही. एफएसटॅबमध्ये (कोणती डिस्क कशी उघडायची ते लिहिलेल्या फाइलमध्ये) एका जुन्या लेखावरून टाकलेली ही ओळ आहे:

/डेव्ह/एसडीबी१ /मीडिया/पेन व्हीफॅट नोऑटो,युजर,आरडब्ल्यू ० ०

प्रतिसाद:

दादा, प्रिंटरला मेमरी कार्डाची खाच आहे का? असेल तर तुम्हाला वाटतंय ते खरं आहे. प्रिंटर चालू असला की ती रिकामी खाच एसडीबी हे नाव घेते आणि पेनला एसडीसी मिळतं (लिनक्स डिस्कना सापडतील तशी एसडीए, एसडीबी, एसडीसी अशी नावं देतं). एसडीसीबद्दल एफएसटॅबमध्ये काही लिहिलेलं नाही, म्हणून सिस्टीम स्वतः फाइलसिस्टीम (पेनवर फाइल मांडायची पद्धत) ओळखून पेन उघडते. प्रिंटर बंद असला की पेनच एसडीबी होतो आणि तुमच्या ओळीच्या तावडीत सापडतो. ती ओळ व्हीफॅट हीच फाइलसिस्टीम मागते. ३२ जीबीपेक्षा मोठे पेन बहुतेक एक्सफॅट या दुसऱ्या फाइलसिस्टीममध्ये येतात, ते तिथेच अडतात. एक्सफॅटचा ड्रायव्हर कर्नलमध्ये २०२० च्या ५.७ पासून नीट आहे, त्यामुळे वेगळं काही टाकायची गरज नाही.

अर्धवट फाइलही बहुधा त्याच ओळीमुळे. सिस्टीम स्वतः व्हीफॅटचा पेन माउंट करते तेव्हा 'फ्लश' हा पर्याय लावते, म्हणजे डेटा लवकर पेनवर उतरतो. तुमच्या ओळीत तो नाही. पट्टी पूर्ण झाली तरी डेटा रॅममध्येच असतो, नेहमीच्या सेटिंगला ३० सेकंदांपर्यंत तसाच राहू शकतो. तेवढ्यात पेन उपसला की फाइल तुटली.

ओळीच्या सुरुवातीला # टाका, म्हणजे ती ओळ वाचलीच जाणार नाही. कायम जोडलेली डिस्क असेल तर तिच्यासाठी यूयूआयडी (डिस्कचा स्वतःचा ओळख क्रमांक) आणि नोफेल (डिस्क नसली तरी संगणक सुरू होताना अडू नये म्हणून) वापरून वेगळी ओळ लिहा. ये-जा करणाऱ्या पेनसाठी एफएसटॅबमध्ये काहीच नको. आणि फ्लश असला तरी इजेक्ट केल्याशिवाय पेन काढू नका.

धागाकर्ता:

खाच आहे! प्रिंटर बंद केला, एलएसबीएलकेमध्ये (डिस्कची यादी दाखवणाऱ्या कमांडमध्ये) पेन एसडीबी१ दिसला आणि तीच एरर आली. ओळीपुढे # टाकून पेन काढून पुन्हा लावला, ६४ जीबीचा लगेच उघडला. प्रिंटर चालू-बंद करून चार वेळा पाहिलं, चारही वेळा उघडला. मनापासून आभार.

आता इजेक्ट केल्याशिवाय पेन कोणाच्या हातात देणार नाही. त्या मागाचं डिझाइन आज रात्रपाळीला मी स्वतः नेऊन देतोय, कंट्रोलरवर फाइल पूर्ण उघडेपर्यंत तिथेच थांबेन.