हाऊस आणि विल्सन: चिठ्ठीवरची सही

निपाणीची_आक्का

नमस्कार मंडळी. मी निपाणीची, आमचं औषधाचं दुकान आहे. 'हाऊस' ही हाऊस नावाच्या लंगड्या, फटकळ डॉक्टरवरची अमेरिकन मालिका २००४ ला सुरू झाली तेव्हा मी नुकतीच डी. फार्म. होऊन दादांच्या, म्हणजे वडिलांच्या, काउंटरला उभी राहिले होते. २०१२ ला ती संपली तेव्हाही तिथंच होते. रात्री शटर ओढल्यावर टीव्ही बघायचं त्राण राहायचं नाही. यंदा दिवाळीला बेळगावात बीएएमएस शिकणारी भाची आली, तिनं फोनवर लावून दिली, आणि दोन महिन्यांत माझे तीन सीझन संपले. चौथा अजून उघडलेला नाही. पुढचं कुणी सांगू नका, एवढी विनंती.

इथले जुने धागे वाचले. सगळीकडं हाऊस आणि त्याच्या हॉस्पिटलची प्रमुख कडी, हाऊस आणि त्याच्या हाताखालची डॉक्टर कॅमरॉन, नाहीतर कॅमरॉन आणि तिच्या बरोबरीचा डॉक्टर चेस. कॅमरॉनचा जीव त्याच्यावर आहे हे कळतं, पण तिची ओढ माणसापेक्षा त्याच्या दुखण्याकडं जास्त वाटते. हाऊस तिला हे तोंडावर सांगतोही. माझं मन मात्र हाऊस आणि त्याचा मित्र, कॅन्सरचा डॉक्टर विल्सन, यांच्यात अडकलंय, आणि त्यातही तिसऱ्या सीझनमधल्या औषधाच्या चिठ्ठ्यांपाशी.

ट्रिटर नावाचा पोलीस क्लिनिकमध्ये येतो, हाऊस त्याचा नको तसा अपमान करतो, आणि तो हाऊसच्या मागं लागतो. झडतीत विकोडिनच्या, म्हणजे हाऊसला सवय लागलेल्या दुखण्याच्या, गोळ्या सापडतात. मग चिठ्ठ्या निघतात. त्यातल्या काहींवर विल्सनची सही असते, पण ती केलेली असते हाऊसनं. ट्रिटर विल्सनला विचारतो, ही सही तुमची का? विल्सन हो म्हणतो.

तिथं मी फोन पालथा ठेवला आणि उठून पाणी प्याले.

माझ्या कामात सही म्हणजे काय ते सांगते. २०१४ पासून शेड्यूल एच१ मधल्या, म्हणजे सरकारच्या कडक यादीतल्या, औषधांना वेगळं रजिस्टर आहे. डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध कुठलं आणि किती दिलं, सगळं लिहायचं आणि तीन वर्षं जपायचं. ट्रामाडॉल हे दुखण्याचं औषध तर २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं. विकोडिन म्हणजे हायड्रोकोडोन आणि पॅरासिटामॉल एकत्र. त्यातलं पहिलं अफूच्याच घराण्यातलं. माझ्या काउंटरवर कोल्हापूरच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या येतात, चिकोडीच्या येतात, बेळगावच्या येतात. कानडी गिऱ्हाईक गुळगी मागतं, मराठी गिऱ्हाईक गोळी मागतं. दोघांच्याही चिठ्ठीवरची सही मी आधी बघते, औषधाचं नाव नंतर. इथल्या कुठल्या डॉक्टरचा शेवटचा फराटा वर जातो आणि कुणाचा खाली, हे मला पाठ आहे. त्यामुळं विल्सनचं ते 'हो' ऐकताना छातीत धस्स झालं.

त्या 'हो'पायी त्याचे बँकेतले पैसे अडकतात. गाडी जाते. औषध लिहायचा अधिकार जातो. कॅन्सरच्या डॉक्टरला वेदनेचं औषध लिहिता येत नसेल तर त्यानं पेशंटजवळ बसून करायचं काय? आणि हाऊस तेव्हा आपल्या गोळ्यांच्या हिशेबात असतो. शेवटी विल्सन स्वतःच्या पायानं ट्रिटरकडं जातो आणि चांदीच्या तीस नाण्यांचं बोलतो. येशूला पकडून देणाऱ्या ज्युडासला तेवढीच मिळाली होती. स्वतःला तो कोण समजत होता ते त्यातच आलं.

आता दादांचं सांगते. त्यांचे एक जिवाभावाचे मित्र तंबाखूच्या वखारीत हमाल होते. बोद, म्हणजे तंबाखूचा गठ्ठा, अंगावर येऊन त्यांची कंबर गेली. रोज संध्याकाळी ते दुकानातल्या बाकड्यावर येऊन बसायचे आणि जाताना डायक्लोफेनॅकच्या, म्हणजे दुखण्यावरच्या, गोळ्या खिशात घालून न्यायचे. चिठ्ठी कधीच नाही. मी एकदा हटकलं तर दादा म्हणाले, "त्येचं दुखणं मला ठावं हाय की. त्येला कसली चिठ्ठी मागायची?" पाच-सहा वर्षं हे चाललं. मग त्यांच्या पावलांना सूज आली, रक्त तपासलं तर क्रिएटिनिन वाढलेलं. किडन्या खराब व्हायला लागल्या होत्या. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, दुखायची गोळी किती वर्षं घेताय? दादा सोबत गेले होते. उत्तर त्यांनीच दिलं.

दुसऱ्या दिवसापासून दादांनी त्यांना ती गोळी दिली नाही. कंबर दुखायची थांबली नव्हती. मित्रानं भर पेठेत दादांना नाही नाही ते सुनावलं आणि यायचं बंद केलं.

म्हणून विचारते. विल्सन खरा मित्र कधी होता? सही माझीच म्हणाला तेव्हा, की ट्रिटरच्या दारात गेला तेव्हा? मला अजून ठरवता येत नाही.

घटप्रभा_नर्स

आक्का, मी बेळगावात कॅन्सरच्या वॉर्डात स्टाफ नर्स आहे. विल्सनकडं मी वेगळ्या नजरेनं बघते, आणि मला त्याचा राग येतो.

दुसऱ्या सीझनमधली ग्रेस आठवते? त्याची स्वतःची पेशंट, मरणाच्या दारातली. आणि हा तिच्या घरी राहायला जातो! मालिका ते हळव्या सुरात दाखवते. आमच्याकडं असं झालं असतं तर त्या डॉक्टरच्या शेजारी मी ड्यूटीला उभी राहिले नसते. मरायला टेकलेली बाई 'नको' म्हणू शकते का? तिच्या हातात काय असतं?

तीन लग्नं मोडली, पेशंटच्या घरी जाऊन राहिला, आणि या सगळ्यात हाऊसला मात्र धरून बसलाय. मला वाटतं विल्सनला कुणीतरी लागतं, ज्याला विल्सन लागतो. पेशंट बरा झाला की निघून जातो, हाऊस बरा होत नाही. म्हणून ती सही मला त्याग वाटत नाही. तिसऱ्या सीझनच्या नाताळात हाऊस गोळ्या खाऊन जमिनीवर पडलेला असतो. विल्सन येतो, बघतो, आणि तसाच निघून जातो. त्या रात्री पहिल्यांदा मला विल्सन कळला. तो दमला होता. दमलेला माणूस मी रोज वॉर्डाच्या जिन्यात बघते, आईची फाइल मांडीवर घेऊन बसलेला, आत जायचं धाडस न होणारा.

तुमच्या दादांनी केलं ते बरोबरच केलं. पण इतकी वर्षं एकट्यानं ते ओझं का घेतलं? "चल, डॉक्टरकडं जाऊ" एवढं आधी म्हणता आलं असतं.

खानापूरचा_दत्ता

नर्सताई, मला जरा बोलू द्या. मी लाकडाच्या मिलमध्ये कामाला होतो. सात वर्षांमागं ओंडका घसरून डावी मांडी चेपली. पाय राहिला, दुखणं बी राहिलं. पावसाळ्यात आमच्या खानापूरला चार-चार दिवस ऊन दिसत नाही, तवा रात्री कशी काढतो ते माझं मला माहीत.

तुम्ही दोघी काउंटरच्या आणि बेडच्या पलीकडनं बोलालाय. हाऊसच्या मांडीतलं रक्त अडलं, स्नायू मेला, आणि डॉक्टरांना ते वेळेवर कळलं नाही. पहिल्या सीझनच्या शेवटाकडं तो वर्गात पोरांना तीन पेशंटच्या गोष्टी सांगतो बघा. त्यातला एक तो स्वतःच असतो. पाय कापायचा नाही असं त्यानं बजावून सांगितलेलं. वेदना सोसवेनात म्हणून त्याला बेशुद्ध करून ठेवलं, आणि तो तसा पडलेला असताना त्याच्याबरोबर राहणाऱ्या स्टेसीनं मधला मार्ग काढला. मेलेला स्नायू काढून टाका म्हणाली. जीव वाचला, पाय वाचला, दुखणं जन्माचं मागं लागलं.

माझ्या मते या मालिकेतलं सगळ्यात मोठं नातं ते. तिचं प्रेम होतं, म्हणूनच तिनं ते केलं. आणि त्यानं तिला माफ केलं नाही. माझ्या पायाचा निर्णय माझ्या बायकोनं घेतला. मी शुद्धीवर होतो, पण ऐकायच्या अवस्थेत नव्हतो. कापू नका म्हणाली. कधी कधी वाटतं, कापला असता तर बरं. हे मी तिला अजून बोललो नाही, इथं पहिल्यांदा लिहितोय.

आक्का, तुमच्या दादांनी गोळी दिली ती चूक असंल. पण तेवढी वर्षं त्या माणसाला रात्रीची झोप लागली. त्याचा बी हिशेब धरा. आणि गोळी बंद केल्यावर त्याच्या कंबरेचं पुढं काय केलं, ते तुम्ही लिहिलंच नाही.

बेकर_गल्ली

थोडी भर घालतो. मी वडगावला क्लास घेतो, इंग्रजी शिकवतो. हाऊस हा शेरलॉक होम्सवरून बेतलाय. त्याच्या घराचा नंबर २२१बी, पहिल्याच भागातल्या पेशंटचं आडनाव ॲडलर. होम्सचा वॉटसन तो इथला विल्सन. होम्स कोकेन टोचून घ्यायचा आणि वॉटसन, स्वतः डॉक्टर, त्याला त्यावरून बोलायचा. गंमत बघा, खुद्द होम्स एडिंबराच्या जोसेफ बेल या सर्जनवरून सुचलेला. म्हणजे डॉक्टरवरून गुप्तहेर झाला आणि गुप्तहेरावरून पुन्हा डॉक्टर.

पण एक मोठा फरक मला आवडतो. वॉटसन होम्सची गोष्ट आपल्याला सांगतो, त्यामुळं तो कायम मित्राला सावरून घेतो. विल्सन गोष्ट सांगणारा नाही. म्हणून त्याला चुकायची मोकळीक आहे, रागवायचीही. आक्का, तुम्हाला ठरवता येत नाही ते याचमुळं. तो दोन्ही वेळा घाबरलेला आहे. ट्रिटरसमोर 'हो' म्हणताना मित्र जाईल म्हणून, आणि नंतर त्याच्याकडं जाताना मित्र मरेल म्हणून.

शेवटी कोर्टात कडी खोटं बोलून हाऊसला सोडवते, त्यावर एक वेगळा धागा व्हायला हवा. चौथ्या सीझनचे शेवटचे दोन भाग लागोपाठ बघा, मधे थांबू नका. याहून जास्त सांगत नाही.

निपाणीची_आक्का

उत्तर द्यायला दहा दिवस लागले, कारण चौथा सीझन संपवूनच लिहायचं ठरवलं होतं. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी इथंच थांबावं.

काल रात्री ते दोन भाग बघितले. दारू पिऊन हाऊस बारमधून विल्सनला फोन करतो, विल्सन घरी नसतो, म्हणून विल्सनची मैत्रीण अँबर न्यायला येते. काठी विसरून तो बसमध्ये चढतो आणि ती काठी द्यायला मागोमाग चढते. बसला अपघात होतो. हाऊस सगळं आठवायचा प्रयत्न करत असतो, आणि शेवटी आठवते ती बसमध्ये शिंकणारी अँबर. फ्लूसाठी तिनं गोळी घेतलेली, अमँटाडीन.

नाव ऐकलं आणि मला पुढचं सगळं कळलं. आमच्याकडं ते कंपवाताच्या पेशंटला जातं, त्याची चिठ्ठी आली की मी वय विचारते आणि किडनीचं विचारते. कारण ते औषध शरीरातून जवळजवळ सगळं किडनीवाटेच बाहेर पडतं. अपघातात किडन्या गेल्या की ते आतच साठतं, आणि डायलिसिसनंही म्हणावं तसं निघत नाही. हाऊस पडद्यावर हे सांगत होता आणि मी इकडं त्याच्या आधी म्हणत होते. भाची झोपेतून उठून बघायला लागली. मला रडू आवरेना.

नर्सताई, तुमचा ग्रेसबद्दलचा राग मला पटला. तो भाग मी नीट न बघताच पुढं गेले होते. पण विल्सनला फक्त गरजू माणूस लागतं हे आता पटत नाही. अँबर कुठं गरजू होती? ती त्याला हवी ती गादी घ्यायला लावते, त्याला स्वतःच्या मनासारखं वागायला शिकवते. आणि तिच्यासाठी, बसमधलं आठवावं म्हणून, तो हाऊसला डोक्यात विजेच्या तारा घालून घे म्हणतो, जीव जाऊ शकतो हे माहीत असून. हाऊस नाही म्हणत नाही. सहीची परतफेड मला तिथं दिसली.

दत्ताभाऊ, तुमचं उत्तर मी तीनदा वाचलं. पुढं काय केलं ते लिहिलं नाही, कारण आम्ही काही केलं नाही. गोळी बंद केली, रजिस्टर नीट केलं, आणि त्या माणसाची कंबर त्याच्या घरी दुखत राहिली. कोल्हापूरला पेन क्लिनिकला न्यावं हे दादांना सुचलं नाही आणि मला सुचलं असून मी बोलले नाही. तुम्ही विचारलंत म्हणून हे लिहायला बळ आलं. तुमच्या बायकोशी बोला असं मी सांगणार नाही, तो तुमचा प्रश्न. पण तुम्ही इथं लिहिलंत ते मी विसरणार नाही.

दोन वर्षांनी आषाढातल्या एका संध्याकाळी ते मित्र आले. बेंदूर झाला होता, पाऊस लागून राहिला होता. छत्री दाराशी टेकवली आणि बाकड्यावर बसले. दादांनी समोरून दोन चहा सांगितले. कुणी गोळीचं नाव काढलं नाही. दादा जाईपर्यंत, म्हणजे पुढची साडेतीन वर्षं, ते तसेच येऊन बसायचे. बाकडं मी अजून हलवलेलं नाही.

सीझनच्या शेवटी हाऊस खाटेवर पडलेला असतो, विल्सन दाराशी येतो, त्याच्याकडं बघतो आणि आत न येता निघून जातो. तो परत येतो का ते सांगू नका. पाचवा आज रात्री लावणार आहे.