मदत हवी आहे: धाकट्या बहिणीसाठी थेरपिस्ट (नाशिक)

नमस्कार मंडळी. आम्ही इंदिरानगरला राहतो. धाकटी बहीण, वय २६, घरात पहिल्यापासून ‘नाटकी’ म्हणूनच ओळखली जाते. परवा भाचीच्या बारशाला सगळ्या बायका पाळण्याभोवती जमल्या, तर ही स्वयंपाकघरात मटकन खाली बसली, "मला श्वासच येत नाहीये!" चार जणी पाणी घेऊन धावल्या. दहा मिनिटांत बाईसाहेब हसत फोटो काढत होत्या. ऑफिसातली दोन दिवसांची ओळख लगेच ‘जिवाची मैत्रीण’, महिन्याभरात अबोला.

डॉक्टरांनी हिस्ट्रिऑनिक पर्सनॅलिटी डिसऑर्डरची (सतत लक्ष वेधून घेणं, भावना अति दाखवणं असा व्यक्तिमत्त्वाचा विकार) शक्यता सांगितली. ८ पैकी किमान ५ लक्षणं हवीत, तीही तरुणपणापासून आणि सगळीकडे, त्यामुळे एका भेटीत ठरत नाही म्हणाले. यावर खास गोळी नाही, मुख्य उपचार सायकोथेरपी. सोबत नैराश्य किंवा चिंता असेल तर औषधं. आईचं मात्र एकच, लग्न लावा, सुधारेल. (कपाळ!)

गंगापूर रोड, कॉलेज रोडकडे चिकाटीने थेरपी देणारं कुणी माहीत आहे का? आणि तिला तयार कसं करायचं? एकदा ‘जीव देईन’ म्हणाली होती. ते नाटक समजून सोडलेलं नाही, टेलिमानसचा (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) १४४१६ नंबर फोनमध्ये ठेवलाय. अनुभव असेल तर इनबॉक्समध्ये लिहा, ती पण या ग्रुपवर आहे की नाही कोण जाणे.