मदत हवी आहे: मरळ फ्रॉगवर झडप घालते, पण गळ बसत नाही

महूच्या बाजूचा खाजगी तलाव आहे, मालकाची परवानगी आहे. अर्धं पाणी जलपर्णी आणि कमळाच्या पानांनी झाकलेलं. मासा मरळ, म्हणजे इकडे ज्याला सांवल म्हणतात तो.
रॉड साडेसहा फुटी मिडियम, रील ३०००, ०.३५ मिमी नायलॉन. पोकळ रबरी फ्रॉग (बेडकाच्या आकाराचं आमिष), दुहेरी गळाचा. दहा झडपांत एखादीच लागते. पाणी उसळलं की लगेच झटका देतो. चूक कुठे होतेय?
– जुनी इंदूर

चूक तुम्हीच लिहिली आहे: "लगेच". पाणी उसळतं तेव्हा फ्रॉग तोंडात गेलेला असतोच असं नाही. रॉडचं टोक खाली न्या, दोरीतली ढील गुंडाळा आणि हाताला वजन लागलं की मगच जोरात ओढा. साधारण एक-दोन सेकंद. झडप हुकली तर फ्रॉग तिथेच राहू द्या, बऱ्याचदा पुन्हा येते.
दुसरं, नायलॉन ताणतं. वीस मीटरवरून दिलेला झटका दोरीतच विरतो आणि मरळीचा जबडा हाडाचा. ३० ते ४० पौंडाची ब्रेड (न ताणणारी विणलेली दोरी) घाला, पालोमार गाठ मारा, आवळण्याआधी ओली करा. ब्रेड कमळाचे देठही कापते. रॉड मिडियम हेवी हवा, ड्रॅग (दोरी सुटू देणारा रीलचा ब्रेक) जवळपास बंद, म्हणजे पूर्ण आवळलेला. ढिला ठेवलात तर मासा मुळांत घुसलाच.
– गळटाक्या

फ्रॉगही बघा भिया. अंगठ्याने दाबा, सहज चपटा होऊन गळाची दोन्ही टोकं उघडी पडली पाहिजेत. रबर कडक असेल तर मासा फ्रॉग चावतो, गळ नाही. टोकं अंगाला फार चिकटून असतील तर पक्कडीने २-३ मिमी बाहेर वाकवा. जास्त नको, मग पानांत अडकतो. दर चार-पाच फेकींनंतर आत शिरलेलं पाणी पिळून काढा, नाहीतर मागून बुडतो.
आणि मोकळ्या जागेवर थेट टाकू नका. दोन फूट पलीकडे पानांवर टाका, ओढत आणा, कडेला पाच सेकंद थांबवा.
– बाडस

एक विचारतो. झडपा एकाच जागी येतात का? तिथे पाण्यावर लालसर पिल्लांचा गोळा दिसतो का?
– काठावरचा

हो! उत्तरेच्या कोपऱ्यात, परातीएवढा. मध्येमध्ये सगळी पिल्लं एकदम वर येऊन हवा घेतात, पाणी उकळल्यासारखं दिसतं. सात-आठ झडपा तिथल्याच.
– जुनी इंदूर

मग निम्मं उत्तर तिथेच आहे. ती मरळ खायला येत नाही, पिल्लांजवळून फ्रॉगला हाकलायला येते. कित्येकदा तोंड न उघडताच धडक देते, गळ बसणार कशाला? वरचे सगळे उपाय केलेत तर ती लागेलही, पण पिल्लं राखणारी नर-मादीची जोडी काढली की इतर मासे तो गोळा फस्त करतात. तो कोपरा सोडा.
१६ जून ते १५ ऑगस्ट मध्य प्रदेशात मासेमारी बंद असते. नदीशी न जोडलेल्या लहान तळ्यांना सूट आहे, म्हणून तुमचा तलाव नाल्याने कुठे जोडलेला नाही ना, हे मालकाला आधी विचारा.
– काठावरचा

नाला आहे, पावसात वाहतो. १६ ऑगस्टनंतर ब्रेड लावून दक्षिणेच्या काठाला बसतो. ४० पौंडाचीच घेऊ ना?
– जुनी इंदूर

एवढ्या जलपर्णीत ४०च.
– गळटाक्या