दुकानाची चोरी: ज्याला जे पक्कं ठाऊक, ते इथे लिहा

दिवाळीसाठी माल भरायला सुरुवात झाली की छोट्या दुकानांवर डोळा ठेवणारेही वाढतात. म्हणून ज्यांचा दुकानाच्या सुरक्षेशी रोजचा संबंध आहे, त्यांनी लिहावं ही विनंती. ‘सावध राहा’ एवढंच नको. माप सांगा, जाडी सांगा, काय निकामी ठरतं तेही सांगा.

शटर फिटिंग, नाशिक
शटर उचकटतात ते बहुतेक वेळा मधून. दोन्ही टोकांना कुलपं, मधला भाग मोकळा. तिथे कटावणी किंवा गाडीचा जॅक लावला की खालची पट्टी वाकते आणि माणूस सरपटत आत जाईल एवढी फट पडते. आठ-दहा फुटी शटरला सेंटर लॉक हवंच. त्याची जमिनीतली बैठक नुसत्या फरशीत बसवू नका. फरशी काढून खालच्या काँक्रीटमध्ये पक्की करा, नाहीतर एका हिसक्यात फरशीसकट वर येते. पट्टी 18 गेजची घ्या. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, आणि स्वस्त कोटेशनमध्ये नेमका तिथेच हात मारलेला असतो.

कुलपाची दांडी जेवढी उघडी, तेवढी कटरला जागा. दांडी आत दडणारं गोल कुलूप घ्या. कोयंडा स्क्रूवर नको. वेल्डिंग करा, नाहीतर आरपार बोल्ट टाकून नट आतून आवळा. छप्पर पत्र्याचं असेल तर शटरवरचा सगळा खर्च वाया जाऊ शकतो. हुक सैल करून पत्रा बाजूला सारतात, म्हणून पत्र्याखाली लोखंडी जाळी हवी.

किराणा, सातारा
रात्रीचं शटरवाल्या दादांनी सांगितलं. दिवसा थोडं थोडं जातं ते जास्त पोखरतं. काजू-बदाम, तुपाचे डबे, ब्लेड, महागडी चॉकलेटं: लहान, महाग आणि कुठेही विकली जाणारी. असे पंधरा-वीस जिन्नस ठरवून रोज रात्री मोजा आणि बिलांशी ताळा करा. सगळं दुकान वर्षातून एकदा मोजण्यापेक्षा हे कितीतरी उपयोगी, कारण फरक कोणत्या दिवशी पडला ते कळतं. एकदा चुकलं तर मोजणीची चूक असेल. त्याच जिन्नसात पुन्हा पुन्हा घट आली तर नाही. बिल रद्द करायचा पासवर्ड मालकाकडेच ठेवा. माल गेला, पैसे आले आणि बिल रद्द झालं, तर गल्ला बरोबर जुळतो आणि चोरी दिसतच नाही.

मोबाइल दुरुस्ती, ठाणे
क्यूआरवर दुसराच स्टिकर चिकटवतात. कोड काचेच्या आतून लावा आणि रोज सकाळी एक रुपया पाठवून नाव तपासा. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट पुरावा मानू नका, आपल्या खात्यात जमा झालेले बघा. फसवणूक झालीच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

सीसीटीव्ही बसवणारे, पुणे
छताच्या कोपऱ्यातून डोकी दिसतात, चेहरे नाहीत. एक कॅमेरा दाराकडे तोंड करून सात-साडेसात फुटांवर हवा. बाहेरच्या उजेडाने चेहरा काळा पडतो, त्यासाठी कॅमेऱ्यातलं डब्ल्यूडीआर (उजेड-अंधार एकत्र सांभाळणारी सोय) चालू ठेवा. हिशोब असा: चार कॅमेरे, प्रत्येकी 2 एमबीपीएस (सेकंदाला 2 मेगाबिट रेकॉर्डिंग), म्हणजे दिवसाला साधारण 86 जीबी. 1 टीबीची डिस्क अकरा-बारा दिवसांत भरते आणि जुनं पुसलं जातं. डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणारा डबा, काउंटरखाली ठेवला तर चोर तोच उचलून नेतात. माळ्यावर कुलुपात ठेवा, हवा खेळती असू द्या, छोटा यूपीएस जोडा. घड्याळ दर महिन्याला जुळवा. वेळ चुकीची असली की पुढे प्रत्येक जण त्यावरच शंका काढतो.

सराफी पेढी, कोल्हापूर
एका वेळी एकच ट्रे. ट्रेमध्ये रिकामा खाचा ठेवू नका, म्हणजे एक अंगठी गेली तरी डोळ्यांना खटकते. दोघं-तिघं गिऱ्हाईक एकदम वेगवेगळं मागू लागले तर पहिला ट्रे आत गेल्याशिवाय दुसरा काढायचा नाही, मग कुणी रागावलं तरी चालेल.

विम्याचे सर्व्हेअर
साध्या घरफोडी विम्यात बळजबरीने आत शिरल्याच्या खुणा लागतात. गिऱ्हाइकाने खिशात घातलेलं किंवा नोकराने नेलेलं त्यात सहसा बसत नाही. नोकरांनी केलेल्या चोरीसाठी फिडेलिटीचं (नोकराच्या अप्रामाणिकपणाचं) संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. हप्ता वाचवायला विमा कमी काढतात, तेही महागात पडतं. माल 10 लाखांचा, विमा 5 लाखांचा आणि चोरी 2 लाखांची, तर सरासरीच्या अटीने (मालाच्या जेवढ्या हिश्शाचा विमा, नुकसानीचा तेवढाच हिस्सा) 1 लाखच मिळतो. दिवाळीचा वाढीव माल आधी कळवून रक्कम वाढवून घ्या. चोरी झाल्यावर झाडू मारू नका, तुटलेलं कुलूप फेकू नका. एफआयआरची प्रत तक्रारदाराला मोफत मिळते, ती मागून घ्या.

शटर फिटिंग, नाशिक
एक राहिलं. सेंटर लॉकच्या बैठकीत पावसाचं पाणी आणि माती साचून कुलूप अडतं, मग वैतागून दुकानदार ते लावायचंच सोडतो. पावसाळ्यात आठवड्याला खाच साफ करा. किल्लीच्या छिद्रात घट्ट तेल ओतू नका, त्यावर धूळ बसते; ग्राफाइटची पूड टाका.