गाया आल्यावर जमिनीवरच्या तारकासूची रद्दीत काढायच्या?

मांडवीकाठ: ‘अवकाशातून ताऱ्यांच्या जागा अचूक मोजणारा गाया उपग्रह आला, आता जमिनीवरून केलेल्या सगळ्या तारकासूची रद्दीत काढा’ ही कालची पोस्ट वाचून डोकंच फिरलं. १८८७ मध्ये ठरलेल्या आकाश-नकाशाच्या कामात हैदराबादच्या निजामिया वेधशाळेने आपल्या वाट्याचे पट्टे टिपले. त्याच मोहिमेच्या काचेच्या प्लेटा आधाराला घेऊन २००० साली टायको-२ या तारकासूचीतल्या पंचवीस लाख ताऱ्यांची निजगती, म्हणजे आकाशातली त्यांची स्वतःची सरक, काढली. ही रद्दी?

डिचोलीकर: पोस्ट माझी, शब्द मागे घेणार नाही. १९६६ च्या एसएओ या तारकासूचीत आज अर्ध्या-एक विकलेची (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) चूक सर्रास सापडते. लघुग्रह ताऱ्यासमोरून गेला की त्याची सावली पृथ्वीवर पडते, तारा क्षणभर विझतो. तो लघुग्रह ३० कोटी किलोमीटरवर असेल तर अर्धी विकला म्हणजे सावली ७०० किलोमीटर सरकली. गोवा उत्तर-दक्षिण शंभरेक किलोमीटर! असल्याच जुन्या सूचीवरच्या अंदाजापायी वाळपईला दुर्बीण लावून पहाटेपर्यंत डासांत बसलो. तारा एकदाही विझला नाही.

मांडवीकाठ: बाब, चूक सूची जुनी असण्याची नाही, निजगती कच्ची असण्याची. त्या सूचीतले १९३० च्या सुमाराचे वेध पुढे ढकलत नेले की चूक वाढणारच.

पेडण्याचा काळोख: विकला मोजताय, इथे तारे तरी दिसतात का? मांद्रेच्या पठारावरून मे महिन्यात दक्षिणेला चार ताऱ्यांचा त्रिशंकू लख्ख दिसायचा. आता किनाऱ्यावरचे क्लब रात्रभर आकाशात झोत सोडतात, चौथा तारा शोधावा लागतो. याच्यावर कोणी बोलत नाही!

डिचोलीकर: पंचायतीत अर्ज दे, विषय भरकटवू नको.

पेडण्याचा काळोख: दिलाय. उत्तर नाही. आणि विषय हाच आहे. त्रिशंकू इथून पंधरा अंशांच्या आसपासच चढतो. तिथे वक्रीभवनानेच, म्हणजे हवेत प्रकाश वाकल्यानेच, तारा साडेतीन कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) वर दिसतो. त्यात हा उजेड, मग वेध घेणार कुठून?

शुक्रतारा: साळावलीकडे जा, अजून काळोख आहे.

पेडण्याचा काळोख: म्हणजे पेडणेकरांनी आपलं आकाश सोडून द्यायचं? हे ऐकून घेणार नाही.

डिचोलीकर: मूळ मुद्दा. गायाची निजगती धरून शंभर वर्षं मागे गेलो तरी प्लेटवरच्या मोजणीपेक्षा चूक कमी येते. मग प्लेट कशाला?

मांडवीकाठ: एकट्या ताऱ्याला कबूल. पण जोडीदाराभोवती दोनशे वर्षांत फेरी घेणारा जोडतारा दहा वर्षांच्या वेधांत जवळजवळ सरळ रेषेत जाताना दिसतो. त्याचा वाक जुन्या जागेशिवाय कळणार कसा?

डिचोलीकर: जोडताऱ्यांपुरतं मानतो. पिधानाच्या, म्हणजे लघुग्रहाआड तारा झाकला जाण्याच्या, अंदाजाला मात्र एसएओ नकोच.

मांडवीकाठ: ती मागितली होती कोणी?

पेडण्याचा काळोख: झोतांविरुद्ध दुसऱ्या अर्जावर सह्या घेतोय. दोघांच्याही हव्यात.